नवव्या प्रकरणातली चौतीस नावं

न्यूझीलंडहून आल्यापासून जो भेटेल तो म्हणायचा, "सर, लिहा की प्रवासवर्णन. आयुष्यभर दुसऱ्यांची भाषांतरं केलीत, आता स्वतःचं काहीतरी होऊन जाऊ द्या." मी दोन वर्षं टाळलं. आता लिहितोय तेही हौसेनं नाही. संपादकांना आधीच सांगून ठेवलंय की मजकूर दोन पानं उतू गेला तरी एक शब्द कापायचा नाही. कापायचंच असेल तर डोंगर, समुद्र, मेंढ्या खुशाल कापा. मेंढ्या तशाही मी फारशा पाहिल्या नाहीत.

ऑकलंडचा विमानतळ

आमची मुलगी प्रज्ञा ऑकलंडच्या उत्तरेला अल्बनी नावाच्या उपनगरात राहते. तिच्याकडे मी आणि माझी बायको सुमन २००८च्या फेब्रुवारीत गेलो, तीन महिन्यांसाठी. फेब्रुवारी म्हणजे तिकडचा भर उन्हाळा, पण आम्हा औरंगाबादकरांना तो उन्हाळा वाटेचना. सुमननं पहिले चार दिवस स्वेटर काढला नाही.

विमानातच एक कार्ड भरायला देतात. खायचं काय आणलंय, बियाणं, लाकूड, मातीचं काही आहे का, सगळं लिहा. मी लिहिलं, 'मसाले, लोणचं, लाडू, इत्यादी.'

सुमन म्हणाली, "अहो, शेवग्याच्या बिया लिहा. प्रज्ञाच्या अंगणात लावायला घेतल्यात मी."

"त्या इत्यादीत आल्या."

"इत्यादीत कशा येतील? नाव लिहा ना."

सुमन तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिला अर्धवट भरलेला रकाना दिसला की चैन पडत नाही. मी तिला गप्प केलं.

खाली उतरल्यावर एका उंच बाईनं ते कार्ड हातात घेतलं, हसून 'किया ओरा' असा माओरी नमस्कार केला आणि विचारलं, "सर, या 'इत्यादी'त नेमकं काय काय आहे?"

झालं! बॅगा उघडल्या. येसर मसाल्याच्या पुड्या हुंगल्या गेल्या आणि परत मिळाल्या. शेवग्याच्या बिया मात्र पिवळ्या डब्यात गेल्या. माझे बूट तर तिनं आत नेले, तळव्याला चिकटलेली माती धुतली आणि पिशवीत घालून परत आणून दिले. मी ओशाळलो. दंड झाला नाही, एवढंच नशीब.

सुमन म्हणाली, "बुटाची माती कुठली हेसुद्धा विचारतात बघा. आणि आपली खाम नदी डोळ्यांदेखत गटार झाली, कुणी विचारलं का?"

 मला 'इत्यादी'चं टोचत होतं, आणि ते त्या बियांमुळं नव्हतं.

अल्बनी

अल्बनी नवंकोरं आहे. नवी घरं, नवे रस्ते, नवा मॉल, आणि टेकडीवर विद्यापीठाचं आवार. रस्त्यानं माणूस चालताना दिसला तर तो हमखास आपल्याकडचा आजोबा असतो, पोराकडे राहायला आलेला. कोपऱ्यावरच्या दुकानाला 'डेअरी' म्हणतात. मी पहिल्या दिवशी तिथं सुटं दूध मागायला भांडं घेऊन गेलो आणि दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. जावई ऑफिसच्या कामानं ख्राइस्टचर्चला, प्रज्ञा दिवसभर कामावर. सात वर्षांची नात बोधी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. तिला रागवायला गेलो की म्हणायची, "स्वीट अॅज, आजोबा." म्हणजे तिकडचं 'झकास'. रागवायचं कसं?

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी ई-मेल आली. 'तुम्ही ऑकलंडला येताय हे तुमच्या मुलीनं कळवलं. माझी आई रोज विचारते. येत्या रविवारनंतरच्या रविवारी अवोन्डेलला या. आई म्हणते, पुस्तक घेऊन या. नववं प्रकरण वाचायचं आहे.' खाली सही, ब्लेसिंग.

 आता थोडं मागचं सांगायला हवं.

मी बत्तीस वर्षं औरंगाबादच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवलं. आमच्या तरुणपणी, सत्तरच्या दशकात, वस्तीतली आम्ही पोरं लिहायला लागलो होतो आणि मिळेल तिथून आफ्रिकी कादंबऱ्या मिळवून वाचत होतो. कव्हरं फाटलेली, एकेक प्रत दहादहा जणांत फिरायची. ते वेड मला कायमचं लागलं. पुढं मी 'आफ्रिकी कादंबरी आणि पर्यावरण' या विषयावर ठिकठिकाणी व्याख्यानं द्यायला लागलो. गोरे गेले, पण जंगलांचे परवाने, खाणींचे करार आणि तेलाच्या विहिरी मागं राहिल्या. आता सही करणारा हात घरचा होता, एवढाच फरक. तिथल्या लेखकांनी हे न घाबरता लिहिलं, त्यापायी घर सोडलं, तुरुंग पाहिला. 'त्यांच्या कादंबरीत नदी ही पार्श्वभूमी नसते, ती साक्षीदार असते,' हे माझं ठरलेलं वाक्य होतं. टाळ्या पडायच्या.

मामा एनीबांची कादंबरी त्यातलीच; मामा म्हणजे तिकडं आई, वयस्क बाईला आदरानं असंच म्हणतात. नायजर नदी समुद्राला मिळताना तिला असंख्य फाटे फुटतात. तिथल्या एका खाडीकाठच्या गावात त्या मास्तरीण होत्या. तेलाचा नळ फुटला, खाडी काळी पडली, मासे उलटे होऊन तरंगले, तिवरांची झाडं उभ्या उभ्या वाळली. बायकांनी आपल्या होड्या आडव्या घालून तेलकंपनीचा धक्का अडवला. मामा त्या बायकांत होत्या. पुढं धमक्या आल्या तेव्हा धाकटी लेक ब्लेसिंग त्यांना ऑकलंडला घेऊन आली. ती इथं हॉस्पिटलात नर्स आहे.

कादंबरीत बायका धक्का अडवून बसतात आणि साहेब विचारतो, "तुमचं गेलं तरी काय?" तेव्हा त्या उत्तर म्हणून नावं सांगतात. खाडीतून नाहीसे झालेले मासे, खेकडे, शिंपले, झाडं, गवतं, पाखरं. चौतीस नावं, प्रत्येकाबद्दल एक ओळ. हेच नववं प्रकरण.

मी भाषांतराची परवानगी मागितली तेव्हा मामांनी एक पैसा मागितला नाही. एकच अट घातली होती. 'नवव्या प्रकरणातली नावं भाषांतरित करू नका आणि एकही गाळू नका.' मी लगेच उलट टपाली कळवलं, 'अर्थात.'

भाषांतर झालं. सुमननं नेहमीप्रमाणे मुद्रणप्रत तयार केली, सुवाच्य अक्षरात, चौतीसच्या चौतीस नावं. आणि मग एका दुपारी पुण्याहून प्रकाशकाचा फोन आला. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, हे माहीत असेलच. ते म्हणाले, "सर, शेवटच्या फर्म्याबाहेर दोन पानं उतू जातायत. दोन पानांसाठी नवा फर्मा कुठं लावायचा? बघा ना, कुठंतरी आवळा."

मी पाच मिनिटांत आवळलं. मासे-बिसे मराठी वाचकाला काय कळणार, असं मनाशी म्हटलं. पहिली सात नावं ठेवली, पुढं 'इत्यादी' लिहिलं, आणि पानं बरोबर बसली.

सुमन तेव्हा म्हणाली होती, "अहो, त्या बाईनं एकच गोष्ट मागितली होती."

"तिला मराठी थोडंच वाचता येतंय?" मी म्हणालो होतो. हे वाक्य मी बोललो, याची आज मला मनापासून लाज वाटते.

पुस्तक आलं, 'खाडीची साक्ष'. परीक्षणं बरी आली. मामांना प्रत पाठवायची मी टाळत राहिलो. पोस्ट महाग आहे, प्रत्यक्षच आणून देईन, असं कळवत राहिलो. आता प्रत्यक्ष जायची वेळ आली होती.

विद्यापीठाचं ग्रंथालय

"खरं सांगून टाका," सुमन म्हणाली. "म्हणावं, चुकलं माझं. पुढच्या आवृत्तीत घालतो."

"पुढची आवृत्ती कसली? पहिलीच अजून गोदामात पडलीय."

"मग तेही सांगा."

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच शिजत होतं. नावं कागदावर लिहून घ्यायची, पुस्तकात ठेवायची आणि छापलेलीच असल्यासारखी वाचायची. पण इंग्रजी प्रत औरंगाबादला राहिलेली. म्हणून दुसऱ्या दिवशी टेकडी चढून विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो.

काउंटरवरच्या माओरी बाईंनी संगणकात पाहिलं. पुस्तक दुसऱ्या आवारात होतं, चार दिवसांत मागवून देते म्हणाल्या. मग सहज विचारलं, "तुम्ही कुठले?"

"औरंगाबाद. इंडिया."

"शहर नाही हो. तुमचा डोंगर कुठला, नदी कुठली?" त्यांच्यात माणूस ओळख करून देताना आधी आपला डोंगर सांगतो, मग नदी, मग पूर्वज, आणि स्वतःचं नाव अगदी शेवटी. आपल्याकडे नाव विचारतात, मग आडनाव, आणि आडनावावरून बाकीचं काय ते ओळखतात. मला त्यांची पद्धत फार आवडली आणि मी अडखळलो. डोंगर म्हणून लेण्यांचा सांगितला. नदी? शेवटी म्हणालो, "खाम."

"कशी आहे?"

"होती," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पुस्तकाची मागणी नोंदवली.

चार दिवसांनी पुस्तक आलं. त्या म्हणाल्या, "हे कुणी नेल्याची नोंदच नाही. तुम्ही इतक्या लांबून येऊन मागितलंत, बरं वाटलं." मी खिडकीशी बसून पूर्ण दुपार नावं आणि त्यांच्या ओळी सहा कागदांवर उतरवल्या. त्या शांत जागी, ती हिरवी टेकडी बघत, मी एका म्हाताऱ्या बाईला फसवायची तयारी करत होतो. घरी येऊन तालीमही केली. बोधी ऐकत होती. "दॅट्स हीप्स ऑफ नेम्स, आजोबा," ती म्हणाली.

अवोन्डेल, रविवार

अवोन्डेलला रविवारी सकाळी मोठा बाजार भरतो. प्रज्ञानं आम्हाला तिथंच सोडलं. कोथिंबिरीच्या जुड्या, मेथी, अळूचे हातभर कंद, नारळ, ताजे मासे, जुने कपडे. चिनी, सामोअन, टोंगन, पंजाबी, सगळ्या जगाची माणसं. सुमनला शेवग्याच्या शेंगा दिसल्या तेव्हा ती इतकी खूश झाली की भाव न करताच घेतल्या. मग ब्लेसिंग आली आणि आम्हाला घरी घेऊन गेली. प्रज्ञा बोधीला घेऊन बाजारातच थांबली.

घर लाकडी, जुनं, लहान. मागं अंगण उतरत जातं आणि तिथं थेट खाडीच. आणि खाडीत तिवरं! आपल्या कोकणातल्यासारखी उंच नव्हेत, खांद्याएवढी, पण दाट.

मामा एनीबा अंगणातच खुर्चीत बसल्या होत्या. ऐंशीच्या आसपासच्या, बारीक, डोक्याला निळं फडकं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. "माझा मराठी तोंडाचा माणूस," म्हणाल्या. भाषांतर करणाऱ्याला त्या 'तोंड' म्हणायच्या. जर्मन तोंड, जपानी तोंड. सुमनकडे बघून म्हणाल्या, "हा खरं बोलतो ना?"

सुमन हसली नुसती.

आधी जेवण. धुरावलेल्या माशांचं झणझणीत कालवण आणि रताळ्यासारख्या कंदाचा पांढरा गोळा. इतकं तिखट की मी पाणी पीत सुटलो. सुमननं मात्र दुसऱ्यांदा मागून घेतलं, आणि सोबत आणलेला येसर मसाला मामांच्या हातावर ठेवला. मामांनी तो नुसता चाटून पाहिला आणि 'ही माझी बहीण' म्हणून जाहीर केलं. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण त्यांचं चांगलं जमलं.

जेवताना मामा बोलत होत्या. इथल्या काही शेजाऱ्यांना तिवरं नकोत, पाणी दिसत नाही म्हणून. कापायच्या अर्जावर सह्या घ्यायला एक सभ्य गृहस्थ आले होते. "मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, बाबा, मी तिवरं नसलेली खाडी पाहून आलेय. सही करणार नाही. तो बिचारा चहा न पिताच गेला."

मी माझं व्याख्यानातलं वाक्य टाकलं, नदी साक्षीदार असते वगैरे. त्या हसल्या. "तुम्ही प्रोफेसर लोक विचारता, ही कादंबरी आहे की चळवळ. सांगू? कंपनीनं आम्हाला एक छापील फॉर्म दिला होता. 'काय काय गेलं ते लिहा.' आणि खाली एक ओळ. एकच! मी मास्तरीण, म्हणून गावानं फॉर्म माझ्याकडे दिला. मी मागं कागद जोडून सगळी नावं लिहिली. त्यांनी जोडलेले कागद फाडून टाकले आणि फॉर्म ठेवून घेतला. मग मी त्या कागदांभोवती एक लग्न रचलं, एक भांडण रचलं, आणि त्याला कादंबरी म्हटलं. कादंबरीला ओळींची मर्यादा नसते ना?"

"नसते," मी म्हणालो. 

"आमच्याकडे होडी पहिल्यांदा पाण्यात घालताना म्हाताऱ्या ही नावं घेतात. माणूस गेला तरी घेतात, म्हणजे त्याला परत यायची खाडी सापडते. शेवटचं नाव यायो. तिवरांच्या मुळांवर बसणारं एवढंसं पाखरू. यायो आलं की सगळ्यांनी लाकडावर एकदा हात मारायचा. आता गावात नावं सांगणारं कुणी उरलं नाही. म्हणून मी तोंडं गोळा करते. वाच, माझ्या बाबा."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. सुमन माझ्याकडे एकटक बघत होती. मी पुस्तक उघडलं, कागद आत सारखे केले आणि वाचायला लागलो.

ती नावं इथं देतो. संपादकांनी हात लावू नये. ओकुबे, तिरिमा, एफेनी, बोलोगा, सिबिरी, अमान्ये, दुओको, इंगोलो, पेरेबा, किमिसे, ओझुवा, तेबिदो, नामुरी, एगेले, सोकोरा, बिनिपू, अलाते, उमोयी, फिरिका, देंगेमा, ओवुसी, तुबोला, किरिवे, एसेंगी, मोपोरो, अकासू, इबिलेमा, गोगोरी, पुलुवा, एनेडो, ताकिरे, ओलुमी, बेसेना, यायो.

मामा डोळे मिटून ऐकत होत्या. मधली मराठी ओळ आली की थांबायच्या, नाव आलं की ओठ हलवायच्या. 'यायो' म्हटल्याबरोबर त्यांनी टेबलावर हात मारला, ब्लेसिंगनं मारला. क्षणभर थांबून सुमननंही मारला.

मामांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "कसं छान वाटतं तुमच्या भाषेत," त्या म्हणाल्या आणि पुस्तकासाठी हात पुढं केला. मी कागद अलगद काढून मांडीवर घेतले. त्यांनी ते पान बोटांनी चाचपलं. "मला यायो दाखव. तुमच्या अक्षरांत कसं दिसतं बघू."

बरं, 'छापलेलं नाही' एवढे दोन शब्द. तेही मला जमले नाहीत. माझं बोट पानावर गेलं आणि 'इत्यादी'वर थांबलं.

"हे," मी म्हणालो.

त्यांनी पेन्सिल मागवली. त्या शब्दाखाली थरथरती रेघ ओढली, शेजारी समासात इंग्रजीत 'यायो' असं लिहिलं, आणि त्या शब्दाला ओठ लावले. मग ब्लेसिंगनं पुस्तक कपाटात जर्मन आणि जपानी प्रतींच्या शेजारी उभं केलं.

निघताना मामा आम्हाला खाडीपर्यंत घेऊन गेल्या. ओहोटी होती. चिखलातून तिवरांची मुळं बोटांसारखी वर आली होती. "इथं यायो नाही," त्या म्हणाल्या, "पण जागा चांगली आहे. आला तर बसेल." सुमननं त्यांना मिठी मारली. मी कागद खिशात घालून उभा होतो.

परतीच्या वाटेवर

गाडीत मी आणि सुमन मागं बसलो, बोधीशेजारी. बंदरावरचा पूल आला. तेव्हा सुमन माझ्या कानाशी, हळू आवाजात म्हणाली, "ते कागद तरी पुस्तकात ठेवायचे होते."

"ठेवले असते तर कळलं असतं ना."

"कळू द्यायचं होतं. माणसं इतकी घाबरतात का चुकलं म्हणायला?" आणि मग, "मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावाचं वर्णन पुस्तकात छापून आलं होतं. पाटलाचा वाडा, मारुतीचं देऊळ, सुतार, लोहार, कुंभार, आणि शेवटी 'इत्यादी वस्ती'. ती इत्यादी वस्ती म्हणजे आम्ही. मी तुम्हाला लग्नानंतर सांगितलं होतं हे. तुम्ही त्यावर कविता केली होती."

केली होती. कवितेचं कौतुकही झालं होतं.

प्रज्ञानं आरशातून बघत विचारलं, "काय झालं? मामा भेटल्या ना नीट?"

"छान भेटल्या," मी म्हणालो.

पुढचे दोन महिने आम्ही बरंच काही पाहिलं. गरम पाण्याचे झरे, काळ्या वाळूचा किनारा, हजारभर वर्षांचं एक कौरी झाड. त्या झाडापाशी जायच्या आधी बुटांचे तळवे ब्रशानं घासावे लागतात, त्याच्या मुळांना बाहेरची माती बाधू नये म्हणून. मी दोनदा घासले. मामांकडे परत जायचं प्रत्येक रविवारी ठरवायचो आणि प्रत्येक रविवारी काहीतरी निघायचं. खरं म्हणजे मीच काहीतरी काढायचो. विमानतळावर सुमन म्हणाली, "एक फोन तरी करा." मी म्हणालो, घरी पोचून सविस्तर पत्र लिहितो.

औरंगाबाद

पत्र लिहायला घेतलं, तीनदा. प्रकाशकालाही फोन केला, की निदान एक शुद्धिपत्र छापून उरलेल्या प्रतींत घाला. ते म्हणाले, "सर, शुद्धिपत्र चुकांचं असतं. यात चूक कुठंय?"

दीड वर्षानं एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. मामा गेल्या होत्या. ती अंत्यविधीला जाऊन आली होती.

"बाबा, तिथं नववं प्रकरण सगळ्या भाषांत वाचायचं होतं. ज्या ज्या भाषेत पुस्तक झालं, त्या त्या भाषेचा माणूस ब्लेसिंगनं शोधून आणला होता. मराठीसाठी मला बोलावलं. मी म्हटलं, माझ्या बाबांचंच पुस्तक आहे, मीच वाचते. तुमचीच प्रत दिली मला. सगळे बाकांवर हात ठेवून बसले होते. यायो म्हटलं की वाजवायचं असतं, मला सांगितलं होतं त्यांनी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी सात नावं वाचली. पुढं 'इत्यादी'. मला वाटलं पानं चिकटलीत, म्हणून उलटून बघितलं. पुढचं प्रकरण. सगळे माझ्याकडे बघतायत, हात वर धरून. मग मला ती पेन्सिलची रेघ दिसली, बाबा. आणि त्यांच्या अक्षरात बाजूला लिहिलेलं. मला काही सुचेना. मी 'यायो' म्हटलं. त्यांनी वाजवलं. पण सगळे एकदम नाही, एकेक करून."

"प्रज्ञा..."

"ब्लेसिंग नंतर माझ्याजवळ आली. मलाच समजावत होती. म्हणाली, वाईट वाटून घेऊ नकोस, या प्रतीतली पानं गळली असणार, बाइंडिंग कच्चं असेल. तुझ्या बाबांनी आईला पूर्ण वाचून दाखवलंय, चौतीसच्या चौतीस, मी स्वतः ऐकलंय."

समोर सुमन बसली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. ती उठली, कपाटातून ते सहा कागद काढून आणले आणि माझ्यापुढं ठेवले.

"बाबा, ऐकताय ना?" प्रज्ञा म्हणाली. "ब्लेसिंगनं एक चांगली प्रत मागितलीय. आईच्या कपाटात ठेवायला. कधी पाठवताय?"